रोजच्या गांवाचें छायाचित्र

‘पिकतें तेथें विकत नाहीं’ ही म्हण धान्याइतकीच डोळ्यांनाही लागू आहे. पुण्याचा मनुष्य आग्र्यास गेला कीं ताजमहालाचीं दहा छायाचित्रें घेऊन येतो. काश्मीरला गेला कीं बर्फाचीं वीस घेतो. पण ज्या बोळांतून तो चाळीस वर्षें रोज कामावर गेला, ज्या दुकानांतून त्यानें वाणसामान आणलें, ज्या पिंपळाखालीं तो पावसाची सर ओसरेपर्यंत थांबला, त्यांचें एकही छायाचित्र त्याच्या संग्रहीं नसतें. कारण विचारावें तर उत्तर ठरलेलें असतें : “त्यांत काय आहे? तें रोजचेंच. केव्हांही काढतां येईल.” या ‘केव्हांही’नें गांवोगांवच्या इतिहासाचें जेवढें नुकसान केलें आहे, तेवढें आगीनें व पुरानेंही केलें नसेल.

शनिवारवाड्याचें उदाहरण घ्यावें. थोरल्या बाजीरावांच्या वेळीं, १७३२ सालीं, त्याची वास्तुशांत झाली. १८२८ च्या फेब्रुवारींत लागलेल्या आगींत आंतल्या इमारती भस्मसात झाल्या. छायाचित्रणाची कला पॅरिस येथें जाहीर झाली ती १८३९ सालीं, म्हणजे आगीनंतर अकरा वर्षांनीं. म्हणून आज तट उभा आहे, दिल्ली दरवाजा उभा आहे, जोतीं व कारंज्यांच्या खुणा आहेत. परंतु त्या जोत्यांवरचे दिवाणखाने सकाळच्या उन्हांत कसे दिसत, चौकांत माणसें कशीं वावरत, हें लेखी वर्णनांवरून ताडावें लागतें. त्या पिढीजवळ कॅमेरा नव्हता, तेव्हां तिला दोष देतां येत नाहीं. आजच्या माणसाच्या खिशांतल्या मोबाइल फोनमध्येंच कॅमेरा असतो. त्याला मात्र ही सबब सांगतां येणार नाहीं.

गंमत अशी कीं, या कलेचा जन्मच मुळीं घरच्या खिडकींत झाला. कॅमेऱ्यानें घेतलेलें आणि आज शिल्लक असलेलें जगांतलें सर्वांत जुनें छायाचित्र फ्रान्समधील निसेफोर निएप्स यानें १८२६-२७ च्या सुमारास आपल्या घराच्या माडीच्या खिडकींतून घेतलें. त्यांत राजवाडा नाहीं कीं रणांगण नाहीं. आहेत तीं त्याच्याच घराच्या आवारांतलीं छपरें व भिंती. प्रकाशाचा ठसा उमटण्यास इतके तास लागले कीं, तेवढ्या अवधींत सूर्य एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस गेला, आणि समोरासमोरच्या दोन्ही भिंतींवर ऊन पडल्यासारखें दिसतें.

पुढें १८३८ सालीं दागेर यानें पॅरिसमधील एका रहदारीच्या रस्त्याचें छायाचित्र वरून घेतलें. रस्त्यावर गाड्याघोडे व माणसें यांची ये-जा चालू होती. परंतु पत्रा कित्येक मिनिटें प्रकाशास उघडा ठेवावा लागे, त्यामुळें चालतें-फिरतें कांहींच उमटलें नाहीं. रस्ता ओस दिसतो. फक्त कोपऱ्यावर एक गृहस्थ जोड्यांना पॉलिश करून घेण्यासाठीं पाय पुढें करून स्थिर उभा होता. तो तेवढा उमटला. मनुष्य ज्यांत दिसतो असें ज्ञात असलेलें सर्वांत जुनें छायाचित्र तें हेंच. तो गृहस्थ कोण, हें कोणालाही ठाऊक नाहीं. राजे-महाराजांच्या आधीं या कलेनें जो मनुष्य टिपला, तो रस्त्यावर जोडे पुसून घेणारा एक सामान्य नागरिक होता!

त्याच पॅरिसमध्यें रोजच्या शहराचें मोल ओळखणारा एक मनुष्य पुढें निघाला. त्याचें नांव यूजेन आत्झे. १८५७ सालीं जन्मलेला हा गृहस्थ प्रथम खलाशी होता, मग नट झाला, आणि तेथेंही जम न बसल्यावर छायाचित्रांकडे वळला. रुंद रस्त्यांच्या नव्या आंखणींत जुनें पॅरिस दिवसेंदिवस नाहींसें होत होतें. १८९७-९८ च्या सुमारास त्यानें त्या जुन्या शहराचे बोळ, जिने, अंगणें, दुकानांच्या पाट्या, फेरीवाले व दारांच्या कड्यासुद्धां पद्धतशीरपणें टिपण्यास आरंभ केला. जड लांकडी कॅमेरा, तिपाई आणि १८ × २४ सेंटिमीटरच्या कांचा घेऊन तो भल्या सकाळीं, रस्ते मोकळे असतां, बाहेर पडे. प्रत्येक प्रतीच्या पाठीवर क्रमांक व जागेचें नांव लिही. आपण मोठी कला निर्माण करीत आहों असा त्याचा डौल नव्हता. चित्रकारांना उपयोगी पडणारे नमुने पुरविणारा, एवढीच ओळख त्यानें आपल्या पाटीवर दिली होती. १९२० सालीं त्यानें सुमारें २,६०० कांचा फ्रेंच सरकारास दहा हजार फ्रँकांना विकल्या. १९२७ सालीं तो वारला तेव्हां त्याचें फारसें नांव झालेलें नव्हतें. उरलेला संग्रह बेरेनिस अॅबट या अमेरिकन छायाचित्रकार बाईंनीं वांचविला. जुनें पॅरिस कसें होतें, हें पाहावयाचें झाल्यास आज जगाला याच गरीब माणसाच्या कांचांचा आधार घ्यावा लागतो.

आतां आपल्या पुण्याकडे वळावें. छायाचित्र म्हणजे प्रकाशाचें लेखन. म्हणून ज्याला आपल्या गांवचे ऋतु टिपावयाचे आहेत, त्यानें गांवावर प्रकाश कसा फिरतो हें आधीं समजून घेतलें पाहिजे. पुणें हें साडेअठरा उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेस आहे. त्यामुळें वर्षांतून दोनदां, मे महिन्याच्या तेरा तारखेच्या सुमारास व पुन्हां जुलैच्या अखेरीस, सूर्य मध्यान्हीं अगदीं माथ्यावर येतो आणि सरळ उभ्या खांबाची सावली त्याच्या पायाशींच गडप होते. घड्याळांत त्या वेळीं साडेबारा वाजून गेलेले असतात. या दोन दिवसांच्या मधल्या काळांत मध्यान्हींचा सूर्य उत्तरेकडे कललेला असतो व एरवीं उत्तरेस पडणारी दुपारची सावली दक्षिणेस पडते. उलट, डिसेंबरच्या बावीस तारखेच्या सुमारास तोच सूर्य भर मध्यान्हीं क्षितिजापासून अवघा ४८ अंश वर येतो.

हा हिशेब पेठेंतल्या एखाद्या बोळास लावून पाहावा. बोळ पूर्व-पश्चिम जाणारा, १५ फूट रुंदीचा. दक्षिण बाजूस ३० फूट उंचीचा वाडा. डिसेंबरांत मध्यान्हींसुद्धां त्या वाड्याची सावली सुमारें २७ फूट लांब पडते. म्हणजे बोळाच्या फरशीवर दिवसभर ऊन येतच नाहीं. समोरच्या घराच्या माडीवर मात्र तें सोन्याच्या पट्ट्यासारखें चढतें. मे महिन्यांत तोच बोळ दुपारीं उन्हानें कांठोकांठ भरतो. दोन्ही वेळचीं छायाचित्रें शेजारीं शेजारीं ठेवलीं, तर तीं दोन निराळ्या गांवांचीं वाटावींत. त्याचप्रमाणें दिल्ली दरवाजा उत्तराभिमुख आहे. सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत त्याच्या दर्शनी अंगावर थेट ऊन पडत नाहीं. ज्याला त्या दारावरचे लोखंडी खिळे उन्हांत हवे असतील, त्यानें उन्हाळ्यांतली सकाळ किंवा सायंकाळ गांठावी. परगांवच्या पाहुण्याला हें कळण्याचें साधन नाहीं, आणि कळलें तरी सहा महिने थांबण्यास त्याला सवड नाहीं. गांवांत राहणाऱ्याचा खरा लाभ हाच कीं, त्याला थांबतां येतें.

वर्षाचा आरंभ चैत्रापासून करावा. फाल्गुन-चैत्रांत पिंपळाला तांबूस, कोंवळी पालवी फुटते व थोड्याच दिवसांत ती हिरवी होते. हीं पानें ऊन पाठीशीं घेऊन पाहिलीं तर साधीं दिसतात. पण पानांच्या मागें ऊन येईल असें उभें राहिलें, तर प्रकाश पानांतून गाळून येतो व सारें झाड आंतून पेटल्यासारखें दिसतें. पाठोपाठ बहाव्याचे पिवळे घोस, ताम्हनाचा जांभळा बहर आणि गुलमोहोराचा लाल मांडव येतो. पुण्याचा सर्वांत तापदायक महिना सामान्यतः एप्रिल. त्या दिवसांत सकाळीं दहा ते दुपारीं चार या वेळांत ऊन व सावली यांच्यांत एवढें अंतर पडतें कीं, कॅमेऱ्याला दोन्ही एकदम सांभाळतां येत नाहींत. सावलींतली भाजीवाली नीट दिसावी म्हटलें तर आभाळ पांढरें फटक होतें. आभाळ राखावें तर भाजीवाली काळोखांत बुडते. उपाय सोपा आहे : पाहावयाचें तें सगळें सावलींत किंवा सगळें उन्हांत असेल असें पाहावें. आणि दुपार अगदींच टाळूं नये. रसाच्या गुऱ्हाळाच्या आडोशाला विसावलेला हमाल, पाणपोईचे ओल्या फडक्यांत गुंडाळलेले माठ, आणि एक ते चार या सुप्रसिद्ध विश्रांतीसाठीं मिटलेलीं दुकानें, हें सारें पुण्याच्या उन्हाळ्याचें अस्सल रूप आहे. त्यासाठीं कोणी तिकीट काढून येत नाहीं. म्हणूनच तें गांवकऱ्यानें टिपावयाचें.

जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास पाऊस येतो, आणि बहुतेक हौशी मंडळी कॅमेरा कपाटांत ठेवतात. वस्तुतः जुन्या घरांच्या कामास याहून चांगला प्रकाश नाहीं. ढगाळ दिवशीं सगळें आभाळच एका मोठ्या दिव्याचें काम करतें. प्रकाश सर्व बाजूंनीं सारखा येतो, व गडद सावल्या नसल्यामुळें लांकडी खांबांवरची नक्षी, महिरपी, तुळयांचीं टोंकें स्पष्ट उमटतात. ओला दगड कोरड्यापेक्षां गडद दिसतो, त्यामुळें वाड्याच्या जोत्याचे घडीव चिरे एकेक मोजतां येतात. आतां पावसाची गोष्ट. मोठा थेंब सेकंदाला सात-आठ मीटर वेगानें पडतो. कॅमेऱ्याची झडप सेकंदाच्या साठाव्या भागापुरती उघडली, तरी तेवढ्यांत थेंब सुमारें अर्धी वीत सरकलेला असतो. म्हणून छायाचित्रांत थेंब न येतां रेघ येते. झडप सेकंदाच्या पांचशेव्या भागापुरतीच उघडली, तर रेघ तुटून ठिपका होतो. आणि रेघ असो वा ठिपका, तो दिसतो तो मागें काळोखा दरवाजा किंवा गर्द झाड असेल तेव्हांच. पांढऱ्या आभाळावर पांढरा पाऊस उमटत नाहीं.

याच दिवसांत पालख्या येतात. आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वरांची व देहूहून निघालेली तुकोबांची पालखी पुण्यांत मुक्काम करतात : एक भवानी पेठेंत पालखी विठोबाच्या देवळांत, दुसरी नाना पेठेंत निवडुंग्या विठोबाच्या देवळांत. पालखीच्या रथाचीं छायाचित्रें हजारों निघतात. पण दिंडी विसावल्यावर पेठेंतल्या ओट्यांवर वाळत पडलेलीं धोतरें, वारकऱ्यांच्या पायांना तेल चोळणारीं मुलें, पत्र्याच्या आडोशाखालीं मांडलेल्या पंगती, हीं किती जण टिपतात? भाद्रपदांतही तेंच. मिरवणुकीकडे सर्वांचे कॅमेरे रोखलेले असतात. मूर्तीच्या डोळ्यांना शेवटचें रेखाटन करणाऱ्या कारागिराकडे, आणि पाटावर गणपति घेऊन डोक्यावर रुमाल टाकून निघालेल्या साध्या गृहस्थाकडे, कोणी वळत नाहीं.

आश्विनांत हवा धुऊन निघालेली असते. पावसानें धूळ खालीं बसविलेली असल्यामुळें दूरचें जवळ येतें. पर्वतीच्या एकशेंतीन पायऱ्या चढून गेलें, तर निवळ सकाळीं सिंहगडाच्या कडा रेखल्यासारख्या दिसतात. शहराचा विस्तार टिपण्याचे दिवस ते हेच. एप्रिलच्या धुरकट हवेंत तेंच दृश्य पुसट होतें. रस्त्यांवर बुचाच्या पांढऱ्या, लांब देठांच्या फुलांचा सडा पडतो. दसऱ्याला झेंडूचे ढीग लागतात, आणि दिवाळींत वाड्यावाड्यांत मुलें मातीचे किल्ले उभारतात. अळीव किंवा मोहरी पेरून हिरवे केलेले डोंगर, विटांचे बुरूज, सिंहासनावर शिवाजी महाराज व पायथ्याशीं मावळे! हें स्थापत्य फार तर दहा दिवस टिकतें. जो बाप त्याचें छायाचित्र दरवर्षीं, मुलासह, घेऊन ठेवील, त्याच्याजवळ पंधरा वर्षांनीं मुलाचा व अंगणाचा असा दोघांचाही इतिहास जमेल. आणि कदाचित् असेंही दिसेल कीं, अमुक सालापासून किल्ला आहे पण अंगण नाहीं, तो गॅलरींत आला आहे.

मार्गशीर्ष-पौषांत नदीकांठीं धुकें साचतें. त्याचें कारण असें कीं, रात्र मोठी व आभाळ निरभ्र असल्यामुळें जमीन लवकर निवते, जमिनीलगतची हवा थंड व जड होते आणि वर त्याहून उबदार हवेचें जणूं झांकण बसतें. मग धुकें व चुलीचा किंवा वाहनांचा धूर वर न जातां खालींच तरंगत राहतो. या धुरांतून तिरपें ऊन आलें कीं त्याचे पट्टे डोळ्यांना दिसूं लागतात. सकाळीं साडेसात ते साडेआठ हा एक तास म्हणजे वर्षांतला उत्तम प्रकाश. कानटोपी घातलेला दूधवाला, शेकोटीभोंवतालचे पहारेकरी, कुंभारवाड्यांत उन्हाकडे तोंड करून मांडलेलीं मडकीं, हीं या तासाचीं माणसें व वस्तु होत. तांबट आळींतल्या ठोक्यांचा नाद छायाचित्रांत येत नाहीं, हें खरें. पण वर उचललेला हात व भांड्यावरचे घाव येतात, आणि ज्यानें तो नाद ऐकला आहे त्याला तेवढ्यावरून तो पुन्हां ऐकूं येतो.

एवढी भटकंती ज्याला शक्य नाहीं त्यानें एकच जागा निवडावी व बारा महिने धरून ठेवावी. मंडई ही त्यासाठीं उत्तम. १८८६ सालीं ही मनोऱ्याची इमारत उभी राहण्यापूर्वीं बाजार शनिवारवाड्यापुढच्या पटांगणांत भरत असे. झाडांच्या आधीं मंडईला ऋतु कळतो. पौषांत मटार, हरभऱ्याच्या गड्ड्या व तिळगुळाची लगबग, चैत्रांत कैऱ्या, वैशाखांत पेंढ्यांत ठेवलेले आंबे, करवंदें, जांभळें, आषाढ-श्रावणांत कणसें व पत्रीचे वाटे, आश्विनांत सीताफळें, तुळशीच्या लग्नाला ऊस, आंवळे व चिंचा. एकाच गाळ्यासमोर, एकाच खांबाशेजारीं, दर महिन्याच्या ठराविक दिवशीं उभें राहून एकेक छायाचित्र घ्यावें. बारा छायाचित्रांचें पंचांग तयार होईल. दहा वर्षें हा नेम चालला, तर त्यांत फळांबरोबर तराजू बदललेला दिसेल, टोपली जाऊन प्लास्टिकचा क्रेट आलेला दिसेल, काळ्या केंसांची बाई पांढऱ्या केंसांची झालेली दिसेल, आणि एखाद्या महिन्यांत त्या जागीं तिची सून बसलेली दिसेल. हें सांगण्यास मोठमोठे ग्रंथ लागतात. येथें तें एका पाहण्यांत कळतें.

हें सारें हौसेपुरतें नाहीं. शहर रोज थोडें थोडें जात असतें. टांगे गेले. एके काळीं सायकलींचें शहर म्हणून पुण्याची ख्याति होती. त्या सायकलींच्या झुंडी गेल्या. लाकडी पुलांत लांकूड उरलेलें नाहीं, नांव तेवढें उरलें आहे. २०२२ सालीं मेट्रो धांवूं लागली, २०२४ सालीं ती मंडईखालच्या भुयारांतूनही जाऊं लागली. यांत रडण्यासारखें कांहीं नाहीं. शहर म्हटलें कीं तें बदलणारच. पण कशाच्या जागीं काय आलें, याची नोंद ठेवणें हें नागरिकाचें काम आहे. कांहीं वेळां तर शहर थोडें थोडें न जातां एका दिवसांत जातें. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, पाठोपाठ खडकवासल्याचें फुटलें, आणि मुठेकांठच्या पेठांतले कित्येक वाडे त्या एका दिवसांत कोसळले. आदल्या दिवशीं जो दिंडी दरवाजा ‘रोजचाच’ होता, तो दुसऱ्या दिवशीं चिखलाचा ढीग झाला. पुराचीं छायाचित्रें पुष्कळ निघालीं. पुरापूर्वींच्या आळीचीं फार थोडीं होतीं, आणि घराघरांतल्या पेट्यांत जीं होतीं त्यांतलीं कित्येक पाण्याबरोबर गेलीं.

आज वाडे पाण्यानें पडत नाहींत. करारपत्रावर सह्या होऊन पडतात. वाडा रिकामा होण्याआधीं कुटुंबानें एक दिवस त्याच्यासाठीं राखून ठेवावा. दरवाजा, त्याची कडी व अडसर, चौक, विहीर किंवा हौद, माजघर, देवघराचा कोनाडा, जिन्याची झिजलेली पायरी, मुलांची उंची मोजून भिंतीवर ओढलेल्या रेघा, एवढें तरी टिपावें. पुष्कळ घरांत लग्नामुंजींचीं छायाचित्रें शेंकडों असतात. पण जेथें तीं कार्यें झालीं त्या चौकाचें एकही नसतें. मग नातवंडांना आजोबांच्या खांद्याआडून दिसणाऱ्या चार बोटें खांबावरून सारा वाडा उभा करावा लागतो.

छायाचित्र घेणें हें निम्मेंच काम झालें. नांव-गांव नसलेलें छायाचित्र म्हणजे पत्ता नसलेलें पत्र. दिनांक, वेळ, जागा, कोणत्या दिशेकडे तोंड करून घेतलें, आणि त्यांत कोण आहे, एवढ्या पांच गोष्टी प्रत्येकास जोडाव्या. कागदावरील प्रत असेल तर पाठीमागें मऊ पेन्सिलीनें, दाब न देतां लिहावें; शाई पाझरते व पुढच्या बाजूस डाग पडतो. फोनवरच्या छायाचित्रांना तारीख आपोआप लागते, पण माणसाचें व आळीचें नांव आपोआप लागत नाहीं. तें घरांतलें वडील मनुष्य आहे तोंवरच विचारून घ्यावें. पुराचा धडा असा कीं, सर्व प्रती एका छपराखालीं ठेवूं नयेत. एक घरीं, एक परगांवीं राहणाऱ्या मुलाकडे किंवा बहिणीकडे, आणि निवडक पन्नास छापील स्वरूपांत, अशी वांटणी बरी. यंत्र बिघडलें तरी कागद दिसतो.

दुसरी गोष्ट सौजन्याची. रस्ता सर्वांचा असला, तरी रस्त्यावरचा चेहरा त्या माणसाचा असतो. विचारून घ्यावें, नको म्हटल्यास कॅमेरा खालीं करावा, आणि घेतल्यास एक प्रत नेऊन द्यावी. उघड्यावर झोपलेल्याचें दैन्य हा देखावा नव्हे. भाजीवालीला ‘मावशी’ म्हणून हांक मारून आधीं भाजी घ्यावी व मग छायाचित्र मागावें. त्यांत भाजीही ताजी मिळते व चेहराही मोकळा मिळतो.

आणि ज्याला जिना उतरवत नाहीं त्यानें? त्याच्यासाठीं प्राग शहरांतल्या योसेफ सूदेक याची आठवण पुरे आहे. पहिल्या महायुद्धांत त्याचा उजवा हात गेला. १९४० च्या सुमारास, शहर जर्मनांच्या ताब्यांत असतां बाहेर कॅमेरा घेऊन हिंडणें कठीण झालें, तेव्हां त्यानें आपल्या लहानशा चित्रशाळेच्या खिडकीकडेच तोंड वळविलें. कांचेवर सांचलेली वाफ, पावसाचे ओघळ, हिमाची नक्षी, आणि पलीकडे अंगणांत उभें असलेलें एक वांकडें झाड, एवढीच त्याची सामग्री. १९५४ पर्यंत तो तीच खिडकी टिपीत राहिला आणि तिच्यांतून सारे ऋतु जगापुढें आले. एका हाताच्या माणसाला जी खिडकी चौदा वर्षें पुरली, ती दोन हातांच्या पेन्शनराला पुरण्यास हरकत नसावी.

तात्पर्य, यासाठीं मोठें यंत्र नको कीं लांबचा प्रवास नको. एक जागा, एक ठराविक वेळ, पाठीमागें लिहिलेल्या दोन ओळी, आणि वर्षभर टिकणारा नेम, एवढेंच भांडवल लागतें. आगीआधींच्या शनिवारवाड्यासाठीं आज कोणीं कितीही द्रव्य देऊं केलें, तरी त्याचें छायाचित्र मिळणार नाहीं. समोरच्या बोळाचें अजून मिळेल. उद्यां सकाळीं, ऊन माडीवर आलें म्हणजे.